कृपा आणि कर्तृत्व

पाप, कृपा आणि तारण हे तीन शब्द ख्रिस्ती धर्मविचारात परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. भारतीय भाषांना हे शब्द, किंवा त्यांच्याशी मिळतेजुळते शब्द, नवे नाहीत. ते ख्रिस्ती धर्माच्या आगमनापूर्वीपासून येथे रूढ आहेत. म्हणून ते परके वाटत नाहीत, आणि नेमक्या त्याच कारणामुळे त्यांचा ख्रिस्ती अर्थ दृष्टीआड होण्याचा संभव असतो. मराठीत 'तारण' म्हटले की व्यवहारी माणसाला कर्जापोटी ठेवलेला दागिना आठवतो. मराठी बायबलमध्ये मात्र हा शब्द बुडत्याला वाचविण्याच्या, पैलतीरी नेऊन पोचविण्याच्या अर्थाने योजिलेला आहे. पापाच्या बाबतीत घोटाळा अधिकच होतो. पाप म्हणजे निषिद्ध कृत्य, पुण्य म्हणजे विहित कृत्य, आणि या दोहोंचा शेवटी होणारा जमाखर्च, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ख्रिस्ती विचारात निषिद्ध कृत्यांचा विचार आहेच. परंतु ती कृत्ये ही फळे होत, मूळ नव्हे. माणसाचे अंतःकरण ईश्वराकडे पाठ फिरवून स्वतःकडे वळलेले आहे, हे त्यांचे मूळ. ही एक अवस्था आहे. आणि अवस्था ही काही थकबाकी नव्हे की पुण्याची रक्कम भरून ती फेडता यावी.

लूकच्या शुभवर्तमानात या विचाराचे मर्म एका छोट्या दृष्टान्तात आले आहे. दोन माणसे प्रार्थनेसाठी मंदिरात जातात. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा. दुसरा जकातदार, म्हणजे परक्या सत्तेसाठी कर गोळा करणारा आणि म्हणून समाजात निंद्य ठरलेला. परूशी आपल्या उपवासांचा आणि दशमांश दानाचा उल्लेख करून, आपण इतरांसारखे नाही याबद्दल ईश्वराचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून, वर मान न करता, केवळ दयेची याचना करतो. येशूच्या निर्णयानुसार नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा. परूशी खोटे बोलत होता, असे दृष्टान्तात कोठेही म्हटलेले नाही. तो उपवास करीत होता, दानही देत होता. दृष्टान्ताची धार आहे ती येथेच.

मग सदाचरणाला किंमत काय? तारण ही सर्वस्वी देणगी असेल, तर माणसाने करावयाचे असे काय उरते? आणि माणसाने करावयाचे काही उरत असेल, तर ती सर्वस्वी देणगी कशी? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न पुन:पुन्हा उपस्थित झाला. परंतु त्याचे स्वरूप प्रथम लख्खपणे प्रकट झाले ते पाचव्या शतकाच्या आरंभी, पेलाजियस आणि ऑगस्टीन यांच्यातील वादात. प्रस्तुत व्याख्यानात मुख्यतः त्या वादाचा, आणि त्यानंतर त्याच्या पडसादांचा विचार करावयाचा आहे.

१. वादाची पार्श्वभूमी

या चर्चेचा मूळ आधार म्हणजे पौलाचे रोमकरांस लिहिलेले पत्र. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या या पत्रात पौल असे प्रतिपादन करतो की, ज्यांना धर्मशास्त्र मिळाले ते यहुदी आणि ज्यांना ते मिळाले नाही ते विदेशी, दोघेही पापाच्या सत्तेखाली आहेत; आणि दोघांचेही तारण ख्रिस्ताच्या द्वारे, कृपेने, विश्वासाच्या योगाने होते. पाचव्या अध्यायात तो आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर उभे करतो: एकाच्या द्वारे पाप व मृत्यू जगात आले, दुसऱ्याच्या द्वारे नीतिमत्त्व व जीवन आले. सातव्या अध्यायात तो अशा माणसाचे चित्र रेखाटतो की ज्याला चांगले काय ते कळते, ते करावे असे वाटतेही, परंतु हातून घडते ते नेमके उलट.

यातून मानवी इच्छेविषयी कोणता सिद्धान्त निघतो, हे पुढील सुमारे साडेतीनशे वर्षे कोणी पक्के ठरविले नाही. त्या काळातील ख्रिस्ती आचार्यांना वेगळ्याच प्रतिपक्षाशी झुंजावयाचे होते. ग्रहताऱ्यांच्या गतीने माणसाचे कर्म ठरते असे मानणारे ज्योतिषी, तसेच जड सृष्टी ही मूलतः दुष्ट असून माणूस तिच्यात अडकला आहे असे मानणारे ज्ञानवादी व मानीपंथी यांच्याविरुद्ध लिहिताना ओरिजेन, जॉन क्रिसोस्तम यांसारख्या ग्रीक भाषिक आचार्यांनी माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावरच भर दिला. माणूस स्वतंत्र नसेल तर त्याला दोषी धरणारा ईश्वर न्यायी ठरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पेलाजियस जे सांगू लागला ते त्या काळच्या पुष्कळांना जुनेच वाटले, याचे कारण हे आहे.

२. पेलाजियसची भूमिका

पेलाजियस हा मूळचा ब्रिटनचा. चौथ्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो रोममध्ये राहत होता. तो धर्मगुरू नव्हता. तपस्वी वृत्तीचा उपदेशक होता, आणि रोममधील खानदानी कुटुंबांत त्याच्या शब्दाला मान होता. सम्राट थिओडोशियस याने ३८० साली ख्रिस्ती श्रद्धेला साम्राज्याच्या अधिकृत धर्माचे स्थान दिले. एकेकाळी जो धर्म स्वीकारल्यास प्राणांवर बेतत असे, तोच धर्म आता न स्वीकारणे गैरसोयीचे होऊ लागले. बाप्तिस्मा घ्यावा, पण जगण्याची रीत मात्र पूर्वीचीच ठेवावी, असे करणारे लोक अर्थातच वाढले. आपला दुबळेपणा ही त्यांची सबब होती. माणूस शेवटी मातीचाच, असे म्हणून ते मोकळे होत.

पेलाजियसचा सारा रोष या सबबीवर होता. ईश्वराने जी आज्ञा दिली ती पाळणे माणसाला शक्य असलेच पाहिजे. अन्यथा, अशक्य गोष्ट करावयास सांगून ती न केल्याबद्दल शिक्षा करणारा ईश्वर अन्यायी म्हणावा लागेल. कोणत्याही सत्कृत्यात पेलाजियस तीन अंगे पाही: सामर्थ्य, इच्छा आणि कृती. पैकी सामर्थ्य ईश्वराने दिलेले आहे. इच्छा करणे आणि कृती करणे ही माणसाची स्वतःची बाब आहे. पेलाजियसला कृपा मान्य नव्हती असे म्हटले जाते, ते यथार्थ नाही. कृपा या शब्दात तो माणसाला लाभलेली बुद्धी व स्वातंत्र्य, धर्मशास्त्राची शिकवण, ख्रिस्ताचे उदाहरण आणि बाप्तिस्म्याने मिळणारी पापांची क्षमा, इतक्या गोष्टींचा समावेश करीत असे. त्याला अमान्य होते ते इतकेच की, इच्छेच्या आतच ईश्वराने कार्य केल्यावाचून माणूस चांगले इच्छूच शकत नाही. आदामाने पाप केले. परंतु त्याची हानी पुढच्यांना झाली ती वाईट उदाहरणामुळे आणि सवयीमुळे, रक्तातून आलेल्या दोषामुळे नव्हे.

डेमेट्रियास नावाच्या खानदानी घराण्यातील एका तरुण मुलीने विवाह न करता धर्मजीवनास वाहून घेतले, तेव्हा ४१३ च्या सुमारास पेलाजियसने तिला एक दीर्घ पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. कोणालाही नीतीचा उपदेश करण्यापूर्वी त्याला प्रथम त्याच्या सामर्थ्याची जाणीव करून द्यावी, ही पेलाजियसची पद्धत त्यात स्पष्ट दिसते. आशा वाटत नसेल तर कोणी वाटेला लागत नाही, असे त्याचे म्हणणे. एखाद्या चांगल्या शिक्षकाचा सूर या पत्रात आहे, आणि तो प्रतिपक्षानेही ध्यानात घेण्याजोगा आहे.

३. ऑगस्टीनचा अनुभव

ऑगस्टीनचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात झाला. वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून त्याने कार्थेज, रोम आणि मिलान येथे लौकिक मिळविला. सुमारे नऊ वर्षे तो मानीपंथाचा अनुयायी होता. ३८६ साली मिलान येथे त्याचे मनःपरिवर्तन झाले, आणि ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोझ यांच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे तो आफ्रिकेत परतला आणि हिप्पो या बंदराच्या गावी बिशप झाला. आपल्या पूर्वायुष्याचे निवेदन त्याने सुमारे ३९७ ते ४०१ या काळात 'कन्फेशन्स' या ग्रंथात केले.

त्या ग्रंथातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षी ऑगस्टीनने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली फळे बहुतांशी डुकरांना टाकली. इतक्या क्षुल्लक गोष्टीवर तो पानेच्या पाने खर्च करतो, कारण तिच्यात त्याला पापाचे शुद्ध स्वरूप दिसते: लाभाकरिता नव्हे, तर निषिद्ध होते एवढ्याच गोडीने केलेले कृत्य. दुसरा प्रसंग मनःपरिवर्तनापूर्वीचा. काय करावयाचे ते त्याला पटलेले होते. तरीही इच्छा दुभंगलेली होती. हाताला हलण्याची आज्ञा दिली तर हात हलतो. पण मनाने मनालाच आज्ञा दिली तर मन ऐकत नाही, याचे त्याला नवल वाटे. वासनेतून सवय, सवयीतून अपरिहार्यता, अशी साखळी आपणच घडविली आणि आपणच तिच्यात जखडले गेलो, असे त्याचे निदान होते.

दोघांमधील खरे अंतर येथे दिसते. पेलाजियसच्या दृष्टीने इच्छा ही तराजूच्या काट्यासारखी मध्यावर उभी असते. माणूस तिला हवी तिकडे कलवू शकतो. ऑगस्टीनच्या दृष्टीने इच्छेचा कल आधीच ठरलेला असतो, कारण माणूस ज्यावर प्रेम करतो तिकडेच तो ओढला जातो. म्हणून केवळ उपदेशाने भागत नाही. उपदेशाने काय करावे ते कळते. परंतु ते आवडू लागावे, त्याची गोडी लागावी, हे उपदेशाच्या हातचे नाही. ती गोडी ईश्वर अंतःकरणात निर्माण करतो, आणि तिचेच नाव कृपा. निरोगी डोळ्यालाही पाहण्यासाठी प्रकाश लागतो, हा त्याचा एक आवडता दृष्टान्त होता. पेलाजियसचा ख्रिस्त हा मुख्यतः गुरू, आदर्श आणि क्षमा करणारा आहे. ऑगस्टीनचा ख्रिस्त हा वैद्य आहे.

'कन्फेशन्स'मध्ये ऑगस्टीनने ईश्वराजवळ अशी मागणी केली आहे की, जे करावयास तू सांगतोस ते करण्याचे बळही तूच दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये एका बिशपने ही प्रार्थना पेलाजियसच्या देखत उच्चारली तेव्हा तो अतिशय संतापला, असे ऑगस्टीनने उत्तरायुष्यात नमूद केले आहे. आज्ञा करणाऱ्यानेच ती पाळूनही द्यावी, यात पेलाजियसला आळशाची सोय दिसली. ऑगस्टीनला मात्र त्यात दुबळ्याचा एकमेव आधार दिसत होता.

४. वादाचा निकाल आणि त्याची किंमत

४१० साली अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. अनेक कुटुंबे समुद्र ओलांडून आफ्रिकेत आली; पेलाजियस आणि त्याचा शिष्य सेलेस्टियस हेही आले. पेलाजियस लवकरच पॅलेस्टाइनला गेला. ऑगस्टीनने त्याला कार्थेज येथे एकदोनदा पाहिले, एवढेच. दोघांची समोरासमोर चर्चा कधीच झाली नाही. ४११ साली कार्थेज येथे सेलेस्टियसला दोषी ठरविण्यात आले. ४१५ साली पॅलेस्टाइनमधील डिओस्पोलिस येथील बिशपांच्या सभेने पेलाजियसला निर्दोष ठरविले. आफ्रिकेतील बिशपांनी हा निर्णय मानला नाही. ४१८ साली कार्थेज येथे जमलेल्या २०० हून अधिक बिशपांनी पेलाजियसच्या मताचा निषेध केला. त्याच वर्षी सम्राट होनोरियस याने त्याच्याविरुद्ध फर्मान काढले, आणि पोप झोझिमस यांनीही आपला आधीचा कल बदलून निषेधास मान्यता दिली. यानंतर पेलाजियस इतिहासातून नाहीसा होतो. पौलाच्या पत्रांवर त्याने लिहिलेले भाष्य मात्र टिकून राहिले. आणि ते टिकले ते शतकानुशतके जेरोमच्या नावावर, म्हणजे त्याच्या एका कडव्या विरोधकाच्या नावावर. ते पेलाजियसचे म्हणून संपादित होऊन प्रसिद्ध झाले ते १९२२ ते १९३१ या काळात.

ऑगस्टीनला विजय मिळाला. परंतु त्याची किंमतही द्यावी लागली. तान्ह्या मुलांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देण्याची प्रथा चर्चमध्ये रूढ होती. तान्ह्या मुलाने तर कोणतेच कृत्य केलेले नाही. तेव्हा त्याच्या ठायी जे पाप असेल ते आदामापासून आलेले असले पाहिजे, असे ऑगस्टीनचे अनुमान होते. याच्या पुष्ट्यर्थ तो रोमकरांस पत्रातील पाचव्या अध्यायाच्या बाराव्या वचनाचा आधार घेई. मूळ ग्रीक वचनाचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा होतो. ऑगस्टीनपुढील लॅटिन भाषांतरातील शब्दयोजनेमुळे मात्र, 'ज्याच्या ठायी', म्हणजे आदामाच्या ठायी, सर्वांनी पाप केले, असा अर्थ घेता येई, आणि त्याने तो घेतला. एका लहानशा शब्दसमूहाच्या भाषांतरावर पश्चिमेकडील आदिपापाच्या सिद्धान्ताचा बराच भार पडला. सिद्धान्ताचा तोच एकमेव आधार होता असे नाही. तथापि ग्रीक भाषेत वाचणाऱ्या पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेने आदामाचा अपराध वारशाने येतो असे सहसा मानले नाही. तिच्या मते आदामापासून येतो तो मृत्यू आणि दुबळेपणा. अपराध ज्याचा त्याचा. आणि तारण म्हणजे न्यायालयातील सुटका नसून ईश्वरी जीवनात सहभागी होणे, त्यासाठी ईश्वरी कृपेला माणसाने साथ देणे.

बाप्तिस्म्यापूर्वी मृत्यू पावलेल्या अर्भकांचे काय, या प्रश्नाला ऑगस्टीनने कठोर उत्तर दिले: शिक्षा सौम्य असेल, पण ती टळणार नाही. एक्लानमचा बिशप जूलियन हा त्याचा सर्वांत बुद्धिमान प्रतिपक्षी. ४१८ च्या निषेधपत्रावर सही करण्यास नकार देणाऱ्या इटलीतील बिशपांचा तो अग्रणी होता. अर्भकांना शिक्षा करणाऱ्या ईश्वराला न्यायी म्हणावयाचे कसे, असा त्याचा सवाल होता; ऑगस्टीनच्या मनातून मानीपंथ अद्याप गेलेला नाही, असा आरोपही त्याने केला. जूलियनला द्यावयाचे शेवटचे उत्तर लिहीत असतानाच, व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातला असता, २८ ऑगस्ट ४३० रोजी ऑगस्टीनचा मृत्यू झाला. ते उत्तर अपुरेच राहिले. कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मविद्या आयोगाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात अशा अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले आहे. या एका मुद्द्यावर जूलियनचा आक्षेप निराधार नव्हता, असेच म्हणावे लागेल.

५. मठवाशांचा प्रश्न

वादाचे मर्म ज्या प्रसंगात सर्वांत चांगले दिसते, तो प्रसंग विद्वानांचा नसून एका मठातील साध्या तपस्व्यांचा आहे. ४२६ च्या सुमारास हाड्रुमेटम, म्हणजे आजच्या ट्युनिशियातील सूस येथील मठात फ्लोरस नावाच्या तपस्व्याने ऑगस्टीनच्या एका जुन्या पत्राची नक्कल आणली. सर्व काही कृपेनेच घडते, हे त्यात वाचून मठात दोन तट पडले. काहींनी असा प्रश्न केला की, चांगले करण्याचे बळ ईश्वराच्या हाती असेल, तर आमच्या हातून चूक झाली असता मठाधिपती आम्हांला बोल का लावतात? आज्ञा पाळण्याचे बळ आम्हांला मिळाले नाही, हा काही आमचा दोष नव्हे. त्यांनी आमच्यासाठी केवळ प्रार्थना करावी.

हा प्रश्न वरवर पाहता शिस्त चुकविणाऱ्यांचा वाटतो. परंतु कृपेच्या सिद्धान्ताला विचारता येण्याजोगा याहून मार्मिक प्रश्न नाही. मठातील दोन तरुण तपस्वी हिप्पोला गेले. ऑगस्टीनने त्यांना हाकलून दिले नाही. ठेवून घेतले, समजावून सांगितले आणि मठासाठी एकामागून एक असे दोन ग्रंथ लिहिले. त्याच्या उत्तराचा आशय असा. कृपा ही माणसाच्या इच्छेला बाजूला सारून काम करीत नाही. इच्छेलाच जागी करून काम करते. बोल लावणे हे त्या जागृतीचे एक साधन आहे. वैद्याच्या औषधाने रोगी बरा झाला म्हणून ईश्वराने बरे केले हे खोटे ठरत नाही. त्याचप्रमाणे मठाधिपतीच्या शब्दाने कोणी सावध झाला तर ती कृपा नव्हती असे होत नाही. शिवाय, ईश्वराची निवड कोणावर आहे हे कोणालाही ठाऊक नसल्यामुळे, प्रत्येकाचे तारण व्हावे अशीच इच्छा धरून आणि प्रेमानेच बोल लावला पाहिजे.

या उत्तराचा पूर्वार्ध समाधानकारक आहे. उत्तरार्धात मात्र ऑगस्टीनच्या विचारातील सर्वांत दुर्गम जागा लागते. ईश्वर काहींना निवडतो आणि काहींना निवडीत नाही. असे का, हे गूढ आहे. ज्याला कृपा मिळाली त्याने गर्व करू नये, एवढाच बोध त्यातून घ्यावा, असे ऑगस्टीन म्हणतो. दक्षिण गॉलमधील मठवाशांना हे पटले नाही. मार्सेय येथील जॉन कॅसियन याने असे मत मांडले की, कधी ईश्वर आरंभ करतो आणि कधी माणूस पहिले पाऊल टाकतो, आणि मग ईश्वर त्याला हात देतो. सुमारे शंभर वर्षांनी, ५२९ साली, आर्लचा बिशप सिझेरियस याच्या अध्यक्षतेखाली ओरांज येथे भरलेल्या धर्मपरिषदेने याचा निर्णय दिला. श्रद्धेचा पहिला अंकुरदेखील कृपेनेच उगवतो, असे तिने ठरविले. परंतु ईश्वराने कोणाला दुष्टपणासाठीच नेमले आहे, या मताचा तिने तितक्याच स्पष्टपणे धिक्कार केला. पेलाजियस नाकारला गेला, पण ऑगस्टीनही संपूर्णपणे स्वीकारला गेला नाही.

६. पुढील पडसाद

सोळाव्या शतकात हाच वाद नव्या त्वेषाने पेटला. मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातील संन्यासी. उपवास, जागरणे, पापनिवेदन यांनी त्याच्या मनाची भीती गेली नाही. पौलाच्या पत्रांच्या चिंतनातून त्याला वाटले की, ईश्वर माणसाला नीतिमान करून मग स्वीकारतो असे नसून, ख्रिस्तासाठी त्याला नीतिमान ठरवून स्वीकारतो. येथेही भाषांतराचा प्रश्न होताच. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, त्यामुळे लॅटिन शब्दांमागील मूळ शब्द अभ्यासकांपुढे आले. लॅटिनमध्ये जेथे 'प्रायश्चित्त करा' असा बोध होई, तेथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. याच इरॅस्मसने १५२४ साली इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले, आणि ल्यूथरने १५२५ साली त्याला जळजळीत उत्तर दिले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली कॅथलिक भूमिका निश्चित केली: आरंभ कृपेचाच, परंतु इच्छा ही निर्जीव वस्तूप्रमाणे स्वस्थ नसते, ती कृपेला होकार देते, आणि नकारही देऊ शकते. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील औग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण हे माणसाच्या योग्यतेमुळे नव्हे तर कृपेने होते, आणि सत्कृत्ये ही त्याची फळे होत, यावर त्यांत एकमत झाले. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटना त्यात सामील झाल्या. सर्व मतभेद मिटले असे नव्हे; पण या प्रश्नापायी एकमेकांना धर्मबाह्य ठरविण्याचे कारण उरले नाही.

भारतीय वाचकाला या वादात एक ओळखीचा सूर ऐकू येईल. तेराव्या-चौदाव्या शतकांत दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात जवळजवळ असाच मतभेद झाला. माकडीण उडी मारते तेव्हा पिलू तिला स्वतः घट्ट धरून असते. मांजरी पिलाला स्वतःच तोंडात धरून नेते, पिलाला काहीच करावे लागत नाही. वेदान्तदेशिकांच्या परंपरेतील वडकलै शाखा पहिल्या दृष्टान्ताशी, तर पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेतील तेन्कलै शाखा दुसऱ्याशी जोडली जाते. जर्मन पंडित रुडॉल्फ ओटो याने १९३० साली या साम्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. आणि साम्य मान्य करूनही दोन्ही धर्मांचा आस वेगळा आहे, असा निष्कर्ष काढला. कर्मसिद्धान्तात ज्याचे कर्म त्याचे, आणि ते जन्मोजन्मी; ऑगस्टीनच्या विचारात साऱ्या मानवजातीचे पतन एक, आणि जन्मही एकच. शिवाय ख्रिस्ती कृपा ही एका ऐतिहासिक घटनेशी, येशूच्या क्रूसावरील मरणाशी, बांधलेली आहे.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले, १६१६ साली छापलेले 'ख्रिस्तपुराण' आदामाच्या पतनापासून आरंभ करून ख्रिस्तापर्यंत येते ते याच कारणाने. आणि हे सांगण्यासाठी ते वैकुंठ, मुक्ती असे येथील शब्द नि:संकोच वापरते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु आपण ख्रिस्ताचा धर्म तेवढा स्वीकारला, प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला अद्याप भेटला नव्हता, असे त्यांना पुढे काही वर्षांनी जाणवले, हे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. बुद्धीला पटलेला धर्म आणि आधार देणारी कृपा यांतील हे अंतर मिलानमधील ऑगस्टीनला अपरिचित वाटले नसते. पुढे केडगाव येथे निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या आश्रमाला रमाबाईंनी 'मुक्ती' हे नाव दिले. कृपेवर सर्वस्वी भिस्त ठेवणारी व्यक्ती हातपाय गाळून बसते, या आक्षेपाला याहून वेगळ्या उत्तराची गरज नाही.

७. समारोप

पेलाजियस आणि ऑगस्टीन यांपैकी एक माणसाचा गौरव करणारा आणि दुसरा त्याचा तिरस्कार करणारा, अशी विभागणी पुष्कळदा केली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पेलाजियसच्या मते माणूस पूर्ण निर्दोष होऊ शकतो. म्हणून जो होत नाही त्याला सबब उरत नाही. ही शिकवण बलवंताला उत्साह देते, परंतु जो दहादा उठून दहादा पडला आहे त्याला तिच्याजवळ सांगण्यासारखे थोडेच असते. ऑगस्टीनच्या मते माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत नाही; म्हणून पडलेला माणूस त्याला परका वाटत नाही. चर्च हे सिद्धांचे मंडळ नसून आजाऱ्यांचे रुग्णालय आहे, हा विचार त्याच्या शिकवणुकीत आहे. ही शिकवण दुबळ्याला जवळ घेते. परंतु ईश्वराच्या निवडीचे कोडे ती उलगडून देत नाही.

दोघांनीही एका धोक्याकडे लक्ष वेधले, आणि ते दोन्ही धोके खरे आहेत. कृपेचे नाव घेऊन माणूस आपली जबाबदारी टाळू शकतो. आणि जबाबदारीचे नाव घेऊन तो दुसऱ्यांविषयी निर्दय व स्वतःविषयी गर्विष्ठ होऊ शकतो. हाड्रुमेटमच्या तपस्व्यांना ऑगस्टीनने दिलेल्या उत्तराचा व्यवहारी अर्थ एवढाच की, स्वतःच्या हातून चांगले घडले असता ती देणगी मानावी, वाईट घडले असता तो आपला दोष मानावा, आणि दुसऱ्याच्या हातून वाईट घडले असता त्याला बोल लावण्यापूर्वी आपणही त्याच रुग्णालयातील आहोत हे ध्यानात ठेवावे. तर्कदृष्ट्या या तीन गोष्टींचा मेळ पूर्णपणे बसतो असे म्हणता येत नाही. परंतु ख्रिस्ती विचाराने सोळाशे वर्षे या तिहींपैकी एकही सोडून दिलेली नाही.